तीन बोटांचे माप

बेसनाच्या लाडवाला आमच्या घरी फार मान आहे. चकलीचा काटा मोडला किंवा करंजी तळताना फुटली, तर सौ. हसून सोडून देते. पण लाडू मात्र एका मापाचे, मोठ्या लिंबाएवढे आणि गुळगुळीतच व्हायला हवेत, असा तिचा कटाक्ष. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी मी असाच एक लाडू बशीत घेऊन बसलो होतो. चमच्याने त्याचे चार भाग केले होते आणि एकेक भाग सावकाश तोंडात टाकत होतो. पुण्याहून सुट्टीवर आलेली लेक समोर बसून माझ्याकडे पाहत होती.

"बाबा, लाडू चमच्यानं कधीपासून खायला लागलात?"

"वय झालं की माणूस सभ्य होतो," मी म्हटले.

ती हसली नाही. उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तोंड उघडा बघू. पूर्ण. आता तुमचीच तीन बोटं एकावर एक धरा आणि वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये घाला."

पाडव्याच्या दिवशी हा काय पोरखेळ, असे मनाशी म्हणत मी बोटे घातली. दोन गेली. तिसरे जाईना. जोर केला तेव्हा गालाच्या आत, दोन्ही बाजूंना, कोणीतरी दोरी ताणल्यासारखे वाटले. सौ. स्वयंपाकघराच्या दारात हातातली परात तशीच धरून उभी राहिली होती.

आता सांगायला संकोच वाटतो. पण माझा सारा जन्म मापे घेण्यात गेलेला आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीच्या तपासणी विभागात मी आज सव्वीस वर्षे नोकरी करतो आहे. 'पंचतारांकित' म्हटले की बाहेरगावच्या नातेवाइकांना वाटते, मी एखाद्या बड्या हॉटेलात मॅनेजर असेन. मुंबईच्या एका मेहुण्यांनी तर "जेवण फुकट मिळत असेल नाही?" असे विचारलेही होते. त्यांना काय सांगणार, की इथे तारे दिसतात ते भट्टीतून उडणाऱ्या ठिणग्यांचे! कोल्हापूरहून कंपनीची बस गोकुळ शिरगाव मागे टाकून लक्ष्मी टेकडीच्या बाजूला वळते, तेव्हापासून संध्याकाळी परत फिरेपर्यंत माझा संबंध लोखंडाशी आणि दुर्बिणीशी. लांबचे पाहण्याची दुर्बीण नव्हे; जवळचे पाहण्याची, सूक्ष्मदर्शक. आमच्याकडे तिला 'मायक्रोस्कोप' असे कोणी म्हणत नाही, 'साहेबांचं भिंग' म्हणतात.

या भिंगातून मी काय पाहतो, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. ओतीव लोखंडात कार्बन असतो आणि तो थंड होताना ग्रॅफाइट होऊन बसतो. साध्या लोखंडात, म्हणजे ग्रे आयर्नमध्ये, हे ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपाने पसरते. भिंगातून पाहिले तर पांढऱ्या जमिनीवर काळ्या अळ्या सांडल्यासारख्या दिसतात. असे लोखंड दाब सोसते, पण ताणले किंवा ठोकले की काड्कन मोडते. कारण प्रत्येक पापुद्रा म्हणजे आत एक चीरच. त्याच रसात थोडे मॅग्नेशियम घातले, इतके थोडे की शेवटी वजनाच्या ०.०४ टक्क्यांच्या आसपासच उरते, तर तेच ग्रॅफाइट पापुद्रे न होता गोळ्या होऊन बसते. हे एसजी आयर्न. ते मोडण्याआधी वाकते. ही युक्ती जगासमोर आली १९४८ साली, आणि आज आमच्या भागातल्या कितीतरी भट्ट्या तिच्यावर चालतात. लोखंड तेच आणि कार्बनही तोच, फक्त आतला आकार बदलला. नव्याने आलेल्या प्रत्येक शिकाऊ मुलाला मी पहिल्या दिवशी भिंगाखाली दोन्ही तुकडे दाखवतो आणि विचारतो, "काय शिकलास?" त्याला उत्तर येत नाही, मग मीच सांगतो, "आकार बदलला की स्वभाव बदलतो." सव्वीस वर्षे हे वाक्य मी मोठ्या रुबाबात ऐकवत आलो. माझ्याच गालाच्या आत तेच घडत होते, हे मात्र मला कळले नाही.

सुपारीची सवय मला रात्रपाळीने लावली. पहाटे तीनच्या सुमारास, भट्टीचा आवाज एकसुरी होतो आणि डोळे मिटू लागतात, तेव्हा कोणीतरी खांड पुढे करी. मग खांडाची जागा वासाच्या सुपारीच्या पुडीने घेतली. मध्ये तीन-चार वर्षे मावाही झाला. निपाणी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तंबाखूचे या मुलखात कोणाला अप्रूप नाही. तंबाखू मी पुढे सोडली आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. सुपारी राहिली. सुपारीला कोण व्यसन म्हणतो? ती तर पूजेत असते, विड्यात असते, लग्न ठरले की प्रथम सुपारीच फुटते.

मग हळूहळू तिखट सोसेना. कोल्हापूरच्या माणसाला तांबडा रस्सा झोंबू लागला, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हे. मी आपला पांढऱ्या रश्शाची वाटी पुढे ओढत असे आणि "पित्त वाढलंय" म्हणत असे. भाकरीचा घास लहान झाला. जांभई अर्ध्यावर अडू लागली. या साऱ्या खुणा एकेक करून आल्या आणि मी एकेक कारण देऊन त्यांना वाटेला लावले. कारखान्यात एका कास्टिंगमध्ये इतकी लक्षणे दिसली असती, तर मी सबंध लॉट अडवून ठेवला असता.

भाऊबीज झाल्याबरोबर लेकीने मला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दिवा लावून तोंडात पाहिले, गालाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवले आणि सांगितले, की आतले अस्तर फिकट पडले आहे व त्याच्या खाली तंतूंचे पट्टे साठले आहेत. या रोगाचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. मराठीत त्याला अस्तराखालचा तंतुरोग म्हणावे. त्याचा इतिहास आपल्याच लोकांशी जोडलेला आहे. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात तो पाहून प्रथम लिहून ठेवला. दुसऱ्याच वर्षी, १९५३ साली, मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला आजचे नाव दिले. कारण मुख्यतः सुपारी. तंबाखू नुसती सोडून भागत नाही. सुपारी एकटीसुद्धा कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली स्पष्ट छापले आहे.

"यातल्या काही जणांचं पुढं कॅन्सरमध्ये जातं," डॉक्टर म्हणाले. "तुमचं गेलंय असं नाही. पण गालाचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. आठ-दहा दिवस लागतील."

ते आठ-दहा दिवस मी कसे काढले, ते माझे मलाच माहीत. लेकीने आपली सुट्टी वाढवून घेतली. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करते. नेमके काय करते, हे मी आजवर कधी नीट विचारले नव्हते; लोक विचारत तेव्हा "बायोलॉजीतलं काहीतरी" असे सांगत असे. आता रात्री जेवणे झाली की आम्ही बाहेरच्या खोलीत बसू लागलो. आई पलंगावर जपमाळ घेऊन, सौ. निवडण-टिपण घेऊन, आणि मी पुडीवाचून रिकामे झालेले हात घेऊन. शाळेत 'पेशी' म्हणजे एक पिशवी, तिच्यात पातळ रस आणि मधोमध एक गाभा, इतकेच मी शिकलो होतो.

"पिशवी नाही, बाबा," ती म्हणाली. "आत सांगाडा असतो."

"हाडांचा?"

"हाडांचा कसा असेल! तंतूंचा. तीन जातींचे तंतू." तिने माझ्याच डायरीत चित्र काढले. सर्वांत बारीक ॲक्टिनचे, मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या सात भागांएवढे जाड. मधले दहा भागांचे, दोरखंडासारखे चिवट. आणि तिसऱ्या पोकळ नळ्या, पंचवीस भागांच्या. "पण तुमच्या शेडच्या गर्डरसारखे कायमचे बसवलेले नाहीत. एका टोकाला जोडणी चालू असते, दुसऱ्या टोकाला सुटणं चालू असतं. बांधकामावरच्या परांचीसारखं समजा. फक्त ही परांची स्वतःच स्वतःला सोडते आणि बांधते."

मग तिने माझ्या गालात काय झाले ते सांगितले. अस्तराखाली तंतू विणणाऱ्या काही साध्या पेशी असतात. एरवी त्या शांतपणे आपले विणकाम करतात. जखम झाली, की त्यांच्यातल्या काही वेगळ्याच होतात. त्यांच्या आत ॲक्टिनचे जाड पट्टे तयार होतात, स्नायूंत असते त्या जातीचे ॲक्टिन त्यात येते, आणि त्या पेशी आजूबाजूची जागा धरून ओढू लागतात. जखमेच्या कडा जवळ येतात त्या या ओढीमुळे. गॅब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली भरत्या जखमेत या पेशी ओळखल्या. धड विणकर नाही, धड स्नायू नाही, अशी ती मधली जात. जखम भरली की तिचे काम संपते आणि बहुतेक पेशी नाहीशा होतात.

"आणि जखम भरलीच नाही तर?" सौ.ने विचारले.

"तेच तर झालंय. सुपारीचे कण रोज गालाला घासतात. तिच्यातला अर्क त्या विणकर पेशींना जास्त विणायला लावतो. तिच्यातल्या तांब्यामुळं विणलेले धागे एकमेकांना आणखी घट्ट जोडले जातात. म्हणजे पेशींना वाटतं, जखम अजून उघडीच आहे. त्या ओढत राहतात. ओढल्यानं गाल टणक होतो. आणि गाल टणक झाला, की शेजारच्या साध्या पेशीसुद्धा ओढणाऱ्या होतात."

इथे मी तिला अडवले. सुपारीच्या अर्काने पेशी बिघडतात, हे समजण्यासारखे होते. विषाने काहीही बिघडते. पण नुसता टणकपणा लागून पेशीची जात बदलावी, हे मला पटेना. आमच्याकडे वाळूचा साचा किती टणक कुटला आहे, ते मोजायचे घड्याळासारखे एक यंत्र असते. साचा फार टणक झाला तर वायू कोंडून कास्टिंगमध्ये पोकळ्या पडतात, हे खरे. पण म्हणून ग्रे आयर्नचे एसजी होत नाही. रस तो रस. जसा साचा, तसा त्याचा बाहेरचा आकार. स्वभाव त्याला भट्टीतून आलेला असतो.

लेक क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, "रसाला साचा टणक आहे की मऊ, हे कळत नाही, बाबा. पेशीला कळतं, कारण ती साच्याला धरून ओढून बघते."

आणि तिने मला दोन-तीन प्रयोग सांगितले. ते मी डायरीत लिहून ठेवले आहेत. शरीरात काही कोवळ्या पेशी असतात. त्यांचे पुढे काय व्हायचे, ते ठरलेले नसते. २००४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात क्रिस्टोफर चेन यांच्या चमूने माणसाच्या अशा पेशी काचेवरच्या चिमुकल्या चिकट ठिपक्यांवर बसवल्या. लहान ठिपक्यावर पेशीला पसरायला जागा नसे. ती गोल राही आणि चरबीची पेशी होई. मोठ्या ठिपक्यावर ती हातपाय पसरी, आतले तंतू ताणून धरी, आणि हाडाच्या पेशीच्या वाटेने जाई. दोघींना मिळालेला खुराक एकच होता. दोनच वर्षांनी, २००६ साली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एंगलर, डिशर आणि मंडळींनी तसल्याच पेशी निरनिराळ्या टणकपणाच्या जेलीवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलीवर त्या चेतापेशींसारख्या होऊ लागल्या, स्नायूइतक्या टणक जेलीवर स्नायूसारख्या, आणि त्याहून कडक जेलीवर हाडासारख्या. मग त्यांनी पेशींची ओढण्याची ताकदच औषधाने काढून घेतली. तेव्हा मऊ काय आणि कडक काय, पेशींना भेदच उरला नाही.

"म्हणजे हात बांधले, तर जमीन कशी आहे ते कळेनासं झालं," मी म्हटले.

"अगदी तसंच. हे तंतू गाभ्यापर्यंत पोचलेले असतात. बाहेर ओढ बसली की आत गाभ्याला कळतं. इटलीत पाडुआच्या लोकांनी २०११ साली त्यातला एक निरोप्यासुद्धा शोधला. वाय.ए.पी. नावाचं प्रथिन आहे. जमीन टणक असेल तर ते गाभ्यात शिरतं आणि वंशाच्या लेखातली कोणती पानं उघडायची ते सांगतं. मऊ असेल तर बाहेरच थांबतं."

याच्या उलटही होते म्हणे. बेंगळुरूला अनेक वर्षे काम केलेल्या जी. व्ही. शिवशंकर यांच्या सिंगापूरच्या चमूने २०१८ साली उंदराच्या पक्क्या विणकर पेशी अरुंद आयतांत कोंडून सुमारे दहा दिवस वाढवल्या. कसलेही वेगळे रसायन घातले नाही. पेशी गोळा झाल्या आणि आपले विणकरपण विसरून कोवळ्या पेशींसारख्या वागू लागल्या.

आई इतका वेळ माळ ओढत होती. तिचे लक्ष नाही असे आम्हांला वाटत होते. ती एकदम म्हणाली, "म्हंजी ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण न्हाई पण गुण लागला. त्यातलंच की ह्ये."

लेक ताडकन उठून तिच्या पलंगावर जाऊन बसली. "आज्जी, हे आम्हांला वर्गात कुणी इतकं सरळ सांगितलं नाही गं! वाण बदलत नाहीच. पेशीच्या गाभ्यातला लेख शेवटपर्यंत तोच राहतो. गुण तेवढा बदलतो."

"मग पवळ्याला तिथनं सोडून दुसऱ्या दावणीला बांधा की," आई म्हणाली आणि पुन्हा माळ ओढू लागली.

मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. डॉक्टरांचे दुसरे वाक्य डोक्यात घोळत होते. सकाळी मी लेकीला एकटीला गाठले आणि विचारले, "आणि तो कॅन्सर? तोही असाच होतो का?"

तिने मला लहान मुलासारखे फसवले नाही, याचे मला बरे वाटले. तिने सांगितले, की तोंडाच्या वरच्या अस्तरातल्या पेशी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून असतात. त्यांच्या आत केराटिन नावाचे चिवट दोर असतात आणि ते कडेच्या बटणांना बांधलेले असतात. शेजारणीचे दोर त्याच बटणाला पलीकडून. सगळ्या जणी हात धरून उभ्या असल्यासारखे. कधी कधी अस्तरातल्या अशा पेशींचे हात सुटतात. केराटिनचे दोर कमी होऊन व्हायमेंटिन नावाचे दुसरे दोर येतात, पेशी लांबट होते आणि खालच्या थरात सरपटत जाते. एलिझाबेथ हे नावाच्या बाईंनी हार्वर्डला १९८२ साली हे पक्क्या अस्तराच्या पेशींत घडवून दाखवले. गर्भात बाळ घडताना हेच घडते, आणि तेव्हा ते शुभ असते. कर्करोगाची पेशी हीच जुनी युक्ती चोरते आणि तिच्या बळावर पसरते.

"आणि हे सगळं अमेरिकेतच कळतं का?" मी जरा चिडूनच विचारले. भीती वाटली की माणूस उगाच चिडतो.

"नाही हो. पेशी शरीराबाहेर बाटलीत वाढवायचं तंत्र आपल्याकडं कुणी रुजवलं माहीत आहे? कमल रणदिव्यांनी." पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमलाबाई फर्ग्युसनमध्ये शिकल्या, पुढे त्याच बाल्टिमोरला जाऊन हे तंत्र शिकून आल्या, आणि १९६०च्या दशकात मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्या परंपरेतली संस्था आता नवी मुंबईत खारघरला आहे. तिथल्या लोकांनी आपल्याच देशातल्या, तंबाखू-सुपारी खाणाऱ्या माणसांच्या तोंडातले केराटिनचे दोर वर्षानुवर्षे तपासले. तोंडाच्या अस्तरात सहसा न दिसणारी ८ आणि १८ क्रमांकाची केराटिने अशा बिघडलेल्या अस्तरात दिसतात, असे त्यांना आढळले. म्हणजे रोग उघड होण्याआधी सांगाडा बोलू लागतो. तो काय म्हणतो, ते ऐकायला कोणीतरी भिंगाला डोळा लावून बसावे लागते.

त्या दिवशी कारखान्यात मी एक तुकडा घासत होतो. कापायचा, बारीक कागदावर घासायचा, मखमलीवर चकाकी आणायची, भिंगाखाली शंभर पट मोठा करून पाहायचा. तेवढ्यात मनात आले, की कोल्हापुरात कुठेतरी या घटकेला कोणी माझा तुकडा असाच पातळ कापत असेल, रंगवत असेल, भिंगाखाली धरत असेल. त्याला माझे नाव माहीत नसेल. नुसता एक नंबर असेल. मीही आजवर हजारो तुकडे नंबराने पाहिले आणि 'पास', 'नापास' असे शिक्के मारले. त्या दिवशी मात्र शिक्का उचलायला माझा हात जड झाला.

अहवाल अकराव्या दिवशी आला. कर्करोग नाही, अस्तराच्या पेशींची रचना ठीक आहे, तंतू मात्र बरेच साठले आहेत. सौ.ने देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर म्हणाले, "आनंद करा, पण विसरू नका. साठलेले तंतू पूर्ण जातील असं मी सांगणार नाही. सुपारी कायमची बंद. गालात काही इंजेक्शनं देऊ. तोंड उघडायचा व्यायाम रोज, आणि दर काही महिन्यांनी तपासणी, जन्मभर."

व्यायाम मोठा गमतीचा आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचायच्या, तेवढा गठ्ठा दातांत धरायचा, आणि गाल सैल पडला की मध्ये आणखी एक काडी सारायची. मी पहिल्या दिवशी व्हर्नियरने माप घेतले. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये चोवीस मिलिमीटर. ते माप तारखेसह वहीत लिहिले आणि खाली सही केली. सव्वीस वर्षांची सवय. त्याला काय करणार! लेक हसून हसून लोटपोट झाली.

कारखान्यात ही गोष्ट लपून राहिली नाही. एके दुपारी कँटीनमध्ये मी सगळ्यांनाच तीन बोटे घालून पाहायला लावले. आमच्या मोल्डिंगमधले सर्वांत जुने कामगार, त्यांना सारेच 'मामा' म्हणतात, ते म्हणाले, "सायेब, माझी चार बी जातील. पर सुपरवायझरम्होरं ह्ये तोंड आजवर उघडलं न्हाई, त्ये न्हाईच!" एकच हशा झाला. पण त्या हशात फेटलिंगमधला एक पोरगा हसत नव्हता. विशी नुकती ओलांडलेला. त्याने बोटे घातली, काढली, आणि हात टेबलाखाली नेला. मी पाहिले होते. त्याची दोनच गेली होती.

मी त्याला बाजूला घेऊन काही बोलणार, तोच तो म्हणाला, "दातदुखी आहे, साहेब." मी तरी निराळे काय म्हणालो होतो? "पित्त वाढलंय" म्हणत पाच-सहा वर्षे काढलीच की. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. पण ज्याला पुडी हवी असते, त्याला ती मिळतेच, आणि रात्रपाळी काही बंद झालेली नाही. त्याच्या भोवतीची जमीन तीच आहे, जी माझ्या भोवती होती: पहाटेचे तीन, मिटणारे डोळे, आणि पुढे आलेला एक मैत्रीचा हात.

मी भाषण केले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला तपासणी विभागात बोलावले आणि भिंगाखाली दोन तुकडे दाखवले, एक पापुद्र्यांचा आणि एक गोळ्यांचा. "काय शिकलास?" विचारले नाही. त्याऐवजी माझी वही त्याच्यापुढे ठेवली. चोवीस, चोवीस, पंचवीस, पुन्हा चोवीस, पंचवीस. तो बराच वेळ ती पाने उलटत राहिला. मग म्हणाला, "ह्ये तुमचं हाय?"

"माझं. लोखंडाचं एवढं हळू चालत नाही."

तो काही न बोलता गेला. पंधरा दिवसांनी पहिल्या पाळीला येऊन त्याने खालच्या आवाजात विचारले, "साहेब, त्या काड्या कुठं मिळत्यात?" डॉक्टरांकडे आम्ही दोघे मिळून गेलो. त्याच्याही नावाची एक वही आता माझ्या कपाटात आहे. मध्ये दोनदा त्याची पुडी पुन्हा सुरू झाली, दोनदा सुटली. रात्रपाळीला आता आम्ही फुटाणे ठेवतो. मामांनी घरून डबाच आणून दिला. पवळ्याची दावण बदलायला हवी असे आई म्हणाली होती. पण एवढ्या मोठ्या कारखान्याची दावण मला कुठली बदलता येणार? एक डबा तेवढा ठेवता आला.

काल सौ. बेसन भाजत बसली होती. घरभर तुपाचा वास दरवळला होता. भाजता भाजता तिने सहज विचारावे तसे विचारले, "अहो, यंदा लाडू जरा लहान वळू का?"

मी व्हर्नियर घेऊन आरशासमोर गेलो. एकोणतीस. गेल्या तपासणीच्या वेळी होते तेवढेच. डॉक्टर म्हणतात, यापुढे फारसे वाढेल असे धरून चालू नका. आहे ते राखा. तीन बोटे अजून जात नाहीत, आणि बहुधा कधी जाणारही नाहीत.

"नको," मी म्हटले. "नेहमीच्याच मापाचे वळ. गेल्या वर्षी चार तुकडे करावे लागले, यंदा दोनच करीन."

लेकीची बस रात्री पोचायची आहे. फुटाण्यांच्या डब्याशेजारी ठेवायला चार लाडू वेगळे बांधून दे, असेही मी सौ.ला सांगितले आहे. फेटलिंगमधला तो पोरगा दिवाळीत रात्रपाळीला आहे.